आधी तीन बोटं, मग मोबाइल

रविवारी आतकरवाडीहून तुझा फोन आला, तेव्हा तुझा आवाज ऐकून मी कणकेचे हात तसेच ठेवून खुर्चीवर बसले. सिंहगडाचा निम्मा चढही झाला नव्हता आणि खिशातला मोबाइल ‘रेड झोन, रेड झोन’ म्हणून ओरडत होता. मित्र पुढे निघून गेले. तू एका दगडावर बसून नाडीचा आकडा खाली यायची वाट बघत राहिलास, तो लवकर येईना म्हणून आणखी घाबरलास, आणि शेवटी ताक पिऊन उतरून आलास. देवटाक्याचं पाणी नाही, पिठलं-भाकरी नाही. शेहेचाळिसाव्या वर्षी आत्याला विचारतोस, ‘माझं हृदय बरं आहे ना?’

टीएमटीचा, म्हणजे ट्रेडमिलवरच्या तपासणीचा, रिपोर्ट चांगला आला हे वाचून जिवाला बरं वाटलं. तो काढायचं सुचलं त्याबद्दल तुला शाबासकी. बहुतेक लोक आधी पट्टा विकत घेतात, मग बूट, आणि डॉक्टर सगळ्यात शेवटी. आता तुझं ते नाडी मोजणारं ॲप कसं वापरायचं ते सांगते. हसू नकोस. छत्तीस वर्षं मी लोकांच्या नाड्या मोजल्या आहेत. आणि गेली चार वर्षं तुझ्यासारखाच पट्टा छातीला बांधून पर्वती चढते आहे. फरक एवढाच की माझा मोबाइल ओरडत नाही.

1972 साली, ऐन दुष्काळात, मी मिरजेला नर्सिंग शिकायला गेले. पहिल्या आठवड्यात आमच्या सिस्टर ट्यूटरनी मनगटावर तीन बोटं ठेवायला शिकवलं. तर्जनी, मधलं आणि अनामिका. अंगठ्याच्या मुळाशी, हाडाच्या आतल्या बाजूला, अलगद. अंगठा कधीच लावायचा नाही, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी जोरात लागते आणि पेशंटच्या जागी आपलीच मोजली जाते. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची. ठोके अनियमित लागले तर पूर्ण मिनिट, घाई करायची नाही. छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ असायचं, म्हणजे मान खाली केली की आपल्याला सुलटं दिसायचं.

त्या बाईंनी आणखी एक युक्ती शिकवली होती, ती तुझ्या फार उपयोगाची आहे. नाडी मोजून झाली की मनगट सोडायचं नाही. तसंच धरून ठेवायचं आणि पेशंटच्या छातीकडे बघून श्वास मोजायचे. त्याला वाटतं अजून नाडीच चालू आहे. श्वास मोजताहेत असं कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो; कोणी रोखून धरतो, कोणी उगीच लांब घेतो. त्या दगडावर तुझं नेमकं तेच झालं. तू आकड्याकडे बघत होतास, आणि बघण्यानेच तो वर राहत होता.

तर पहिलं काम असं की पाच दिवस ॲपला हात लावू नकोस. सकाळी जाग आली की अंथरुणातच, उठून बसण्याआधी, चहाआधी, बाथरूमआधी, मोबाइलवरचे मेसेज बघण्याआधी तीन बोटं लाव आणि कागदावर आकडा लिही. मोबाइल उघडून ऑफिसचा एक मेसेज वाचलास तरी ठोके वाढू शकतात. मोठ्या माणसाची विश्रांतीची नाडी साठ ते शंभरच्या मध्ये असली की चालतं. नियमित पळणाऱ्यांची पन्नासच्याही खाली जाते आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पाच दिवसांची सरासरी ही तुझी पायरी. तू म्हणालास की साधारण 72 येते. ठीक आहे, तीच धरून चालू.

आता कमाल आकडा. इथेच सगळी गडबड होते, म्हणून जरा थांबून ऐक.

तुझ्या ॲपने तुझं वय विचारलं आणि 220मधून 46 वजा करून 174 हा आकडा घेतला. हे 220चं सूत्र जगभर इतकं पसरलं आहे की लोकांना तो शरीराचा नियमच वाटतो. खरं म्हणजे 1970च्या सुमारास सॅम्युएल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल या अमेरिकन अभ्यासकांनी आधीच्या दहा-अकरा अभ्यासांतले आकडे एका कागदावर मांडले आणि त्यांतून नजरेने एक रेघ ओढली. हृदयरोग्यांना व्यायाम सांगताना हाताशी एक ढोबळ अंदाज असावा, एवढाच त्याचा उपयोग होता. पुढे 2001 मध्ये हिरोफुमी तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 351 अभ्यास आणि 18,712 माणसांची माहिती एकत्र करून दुसरं सूत्र मांडलं: वयाला 0.7ने गुणायचं आणि उत्तर 208मधून वजा करायचं. चाळिशीला दोन्ही सूत्रं 180वर येऊन मिळतात. तुझ्या वयाला दोनच ठोक्यांचा फरक पडतो. माझ्या एकाहत्तराव्या वर्षी मात्र एक सूत्र 149 म्हणतं आणि दुसरं 158. नऊ ठोके! पर्वतीच्या शेवटच्या पायऱ्यांवर ते नऊ ठोके म्हणजे माझ्यासाठी मोठा प्रश्न.

आणि सूत्र कुठलंही घे, एकाच वयाच्या माणसांमध्ये दहा-बारा ठोके इकडे-तिकडे हे अगदी नेहमीचं. शेहेचाळीस वर्षांच्या एकाची कमाल खरोखर 163 असेल, दुसऱ्याची 186, आणि दोघेही धडधाकट. शिंप्याने वय विचारून शर्ट शिवावा तसं हे आहे. बऱ्याच जणांना बसतो, काहींना काखेत काचतो.

तुला कुठे काचला ते तुझ्याच रिपोर्टात आहे. दुसऱ्या पानावर, जिथे ट्रेडमिलच्या एकेक टप्प्याचा तक्ता आहे, तिथे शेवटच्या टप्प्यात नाडी 183पर्यंत गेल्याचं लिहिलं आहे. माणूस 183वर गेला म्हणजे त्याची कमाल 174 असूच शकत नाही, 183 किंवा त्याहून थोडी जास्तच असणार. हे प्रत्येकाच्या बाबतीत जुळेल असं नाही हं. कित्येकदा वयाच्या अंदाजाच्या 85 टक्क्यांपर्यंत नाडी गेली की टेस्ट थांबवतात, तेव्हा तो आकडा कमाल म्हणून धरायचा नाही. तू मात्र ‘अजून चालतो, अजून चालतो’ म्हणून टेक्निशियनचा जीव खाल्ला असणार, तुझा स्वभाव मला माहीत आहे. एकदा तरी फायदा झाला.

म्हणून ॲपच्या सेटिंगमध्ये जा. ‘मॅक्स हार्ट रेट’च्या पुढे आपोआप धरलेलं 174 काढ आणि हाताने 183 भर. सिंहगडावर तुझा आकडा 162 होता. ॲपच्या हिशेबाने 157ला लाल रंग सुरू होत होता. तुझ्या खऱ्या हिशेबाने 165ला. तू लाल नव्हतास. पण फुशारकी मारू नकोस, हिरवाही नव्हतास. त्या चढावर 162 म्हणजे पहिल्या वीस मिनिटांत धावत सुटलेला माणूस.

आता टक्क्यांचं. मार्टी कार्व्होनेन नावाच्या फिनलंडच्या शास्त्रज्ञाने 1957 मध्ये एक साधी गोष्ट दाखवली. हृदय शून्यापासून सुरुवात करत नाही, विश्रांतीच्या नाडीपासून करतं. म्हणून टक्के काढायचे ते मधल्या अंतराचे. तुझी कमाल 183, पायरी 72, मधलं अंतर 111. त्याचे 40 टक्के म्हणजे 44. त्यात 72 मिळवले की 116. वरची कड 59 टक्क्यांची, ती येते 137वर. मध्यम श्रमाचा तुझा पट्टा हा: 116 ते 137.

हेच साध्या पद्धतीने, म्हणजे थेट 183च्या टक्क्यांनी काढायचं तर 64 ते 76 टक्के घ्यावे लागतात आणि उत्तर येतं 117 ते 139. जवळपास तेच. पण बघ, टक्के वेगळे आहेत. लोक चुकतात ते इथे. कोणीतरी ग्रुपवर टाकतं, ‘साठ ते सत्तर टक्क्यांत राहा,’ आणि कोणती पद्धत ते सांगत नाही. तुझ्या ॲपने 174चे साधे साठ-सत्तर टक्के काढून हिरवा पट्टा 104 ते 122 ठरवला होता. कार्व्होनेनच्या पद्धतीने तुझ्या खऱ्या आकड्यांवर साठ-सत्तर टक्के काढले तर 139 ते 150 येतात. एकात रमतगमत फिरणं, दुसऱ्यात घामाघूम. म्हणून सेटिंगमध्ये एकदा बघून घे, ॲप विश्रांतीची नाडी विचारतं का. विचारत असेल आणि ‘रिझर्व्ह’ असा शब्द कुठे दिसत असेल तर ते कार्व्होनेनचा हिशेब करतं. नाहीतर साधे टक्के. सगळ्यात सोपं म्हणजे टक्क्यांच्या भानगडीतच पडू नकोस. बहुतेक ॲपमध्ये पट्ट्यांच्या कडा हाताने भरता येतात. तिथे 116 आणि 137 लिही आणि मोकळा हो.

छातीचा पट्टा घेतलास ते मात्र चांगलं केलंस. मनगटावरचं घड्याळ हिरवा उजेड कातडीवर टाकून रक्ताची लाट बघतं. घरात बसल्या बसल्या ठीक. चढावर हात हलतो, मूठ आवळली जाते, रेलिंग धरलं जातं, आणि मग ते चुकतं. डिसेंबरच्या पहाटे हात गार पडले की आणखी चुकतं. पळताना कधीकधी ते पावलंच मोजायला लागतं: पावलं मिनिटाला 165, तर नाडीही 165! माझ्या मैत्रिणीच्या मनगटावर जुनं हिरवं गोंदण आहे, त्यावर घड्याळाला काहीच धड दिसत नाही. दुसऱ्या हातावर बांधायचं तर बांगड्या आड येतात. बिचारी दोन महिने ते घड्याळ परत करायला दुकानात खेपा घालत होती. घड्याळच वापरायचं असेल तर मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, घट्ट. आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून मोजणारी ॲप आहेत, ती फक्त बसल्या जागी वापरायची. चालता चालता त्यावर बोट ठेवणारा माणूस पायरी चुकून पडलेला मी पाहिला आहे.

छातीचा पट्टा हृदयाची वीज पकडतो, छोटासा ईसीजीच म्हण. बिनतारी पट्टे बाजारात आणले ते पोलार कंपनीने, तीही फिनलंडचीच. पण कोरड्या कातडीवर वीज धड पकडली जात नाही. पहिली दहा मिनिटं आकडा वेड्यासारखा उड्या मारतो आणि घाम आला की शहाणा होतो, असा अनुभव तुला आला असेल. त्याचं औषध म्हणजे पट्ट्याच्या आतल्या रबरी पट्ट्या बांधण्याआधी पाण्याने ओल्या करायच्या. छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी, नीट बसेल इतका घट्ट. (आम्ही बायका तो ब्रेसियरच्या खालच्या पट्टीच्या लगेच खाली बांधतो, वर बांधला की सरकतो. हे तुझ्या बायकोला सांग, तुला सांगून काय उपयोग.) घरी आल्यावर मधली डबी काढून ठेव. ओल्या पट्ट्याला लागून राहिली की ती चालूच राहते आणि बटनासारखा सेल महिन्याभरात संपतो. पट्टा साध्या साबणाने हाताने धू. घामाचं मीठ साचलं की तो कडक होतो, मग काचतो, मग लोक तो कपाटात टाकून देतात.

फोनचं एक. तू मला दाखवलंस की मागच्या बुधवारची नोंद अर्ध्यावरच तुटली आहे. पट्ट्याचा त्यात दोष नाही. तुझा फोन बॅटरी वाचवायला मागे चाललेलं ॲप झोपवून टाकतो. सेटिंगमध्ये त्या ॲपपुरती बॅटरीची बंधनं काढून टाक. आणि पट्टा सापडत नसेल तर आधी बघ, तो घरातल्या दुसऱ्याच कुठल्या फोनला किंवा जिमच्या मशीनला जोडलेला नाही ना. काही पट्टे एका वेळी एकाशीच बोलतात.

आता तो ओरडण्याचा प्रकार. तुझ्या ॲपमध्ये खालची कड ओलांडली तरी सूचना आणि वरची ओलांडली तरी सूचना, अशा दोन्ही चालू होत्या. खालची बंद कर. ‘वेग वाढवा’ असं सांगायला यंत्र कशाला हवं, ती घाई आपल्या अंगातच आहे. माणसाला हळू जायला शिकवणारं कोणी नसतं, त्यासाठी ॲप. वरची सूचना 137वर न ठेवता 132वर ठेव. कारण नाडी पायांच्या मागून येते. तू चढाला लागलास की पाय लगेच काम करतात, पण नाडी त्या कामाच्या पातळीला पोहोचायला मिनिट-दोन मिनिटं घेते. त्यात ॲपही चार-सहा सेकंदांची सरासरी दाखवतं. सूचना वाजते तेव्हा खरी चूक दीड मिनिटापूर्वीच झालेली असते.

आणि फोन खिशात. आवाज कानात चालेल, नाहीतर नुसता थरथराट ठेव. पडदा बघायचा नाही. मनगट धरून ठेवायची ती युक्ती आठव.

सूचना आली की मटकन बसायचं नाही. तू दगडावर बसलास ती मोठी चूक. चढताना पायांच्या स्नायूंमध्ये रक्त भरलेलं असतं आणि चालत्या पायांचा पीळच ते वर ढकलत असतो; एकदम थांबलं की रक्त खालीच राहतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. पावलं छोटी कर, वेग निम्मा कर, सपाट जागा आली तर तिथे इकडून तिकडे फेऱ्या मार. सिंहगडाची वाट पायथ्यापासूनच चढाला लागते, गाडीतून उतरून थेट चढायला लागणाऱ्यांची तिथे फजिती होते. आधी दहा मिनिटं गावातल्या सपाट रस्त्यावर चाल, मग चढ. साधारण सहाशे मीटर उंची चढायची आहे, ती कुठे पळून जात नाही.

यंत्र बंद पडलं तरी चालेल अशी एक परीक्षा. पर्वतीवर पहाटे भीमरूपी म्हणत चढणारे पुष्कळ असतात. स्तोत्राची ओळ एका दमात बोलता येते, पण चालीवर गाता येत नाही, तिथे मध्यम श्रम. गाताही येत असेल तर तू फिरायला आला आहेस. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर पट्ट्याच्या वर गेलास, ॲप काहीही म्हणो. हे मी पट्टा लावून ताडून पाहिलं आहे. माझं भीमरूपी 118ला तुटतं, दर वेळी. तुझं कुठे तुटतं ते शोध, आणि ॲपमध्ये भरलेल्या 137शी जुळतं का बघ. जुळलं नाही तर मी भीमरूपीवर विश्वास ठेवीन.

नोकरीत असताना दोन-तीनदा वारीत प्रथमोपचाराच्या तंबूत ड्यूटी लागली होती, दिवे घाट चढून वर आल्यावर. पुण्याहून एका दिवसापुरते आलेले तरुण लाल चेहऱ्याने येऊन पडायचे, नाडी दीडशेच्या पुढे. आणि सत्तरीचे एक आजोबा, पायाला फोड आला म्हणून आलेले. पट्टी बांधता बांधता सवयीने मनगट धरलं. शंभरच्या आत. मी विचारलं, ‘बाबा, दमला नाहीत?’ म्हणाले, ‘टाळाबरोबर चालतो, पोरी. टाळ दमला तर मी दमीन.’ दिंडीतला माणूस चढावर वेग वाढवत नाही, कारण पुढचा वाढवत नाही. तुझ्या मित्रांची दिंडी नसते, शर्यत असते. तेव्हा रविवारी त्यांना पुढे जाऊ दे.

तुझ्या काकांची गोष्ट तुला माहीत नाही, ती सांगते. अँजिओप्लास्टीनंतर त्यांना नाडी आवरून धरणाऱ्या गोळ्या चालू आहेत, मेटोप्रोलोल. मुलीने हौसेने घड्याळ दिलं. हे रोज पाऊण तास घाम निघेपर्यंत चालायचे, आणि घड्याळ रात्री सांगायचं, आजचा व्यायाम: शून्य मिनिटं. कारण गोळीमुळे त्यांची नाडी शंभराच्या वर जातच नाही, आणि घड्याळाचा हिशेब वयाचा. चिडून चिडून ते वेग वाढवत गेले, एक दिवस घरी आले ते भिंतीला धरून. डॉक्टरांनी मग गोळी चालू ठेवूनच टीएमटी केली आणि त्यावरून त्यांचा पट्टा ठरवून दिला: 84 ते 98. आता तोच घड्याळात भरला आहे. बीपीच्या, हृदयाच्या, थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या कुणालाही तुझं हे ॲप ‘घे, छान आहे’ म्हणून देऊ नकोस. ज्यांची नाडी मुळातच अनियमित आहे त्यांनाही नको; त्यांच्याबाबतीत यंत्र काहीतरी सरासरी काढून मोकळं होतं.

बाकी बारीकसारीक. उन्हाळ्यात त्याच वेगाला नाडी दहा-पंधरा ठोके वर चढते, कारण हृदयाला कातडी गार ठेवायलाही रक्त पाठवावं लागतं. एप्रिल-मे महिन्यांत वेग कमी करायचा, पट्टा नाही बदलायचा. पाणी कमी पडलं तरी तेच. निर्जळी एकादशीला चढ नको. झोप झाली नसेल, ताप येऊन गेला असेल तर सकाळची नाडीच सांगेल: नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त आली की त्या दिवशी नुसतं फिरून ये. ‘फॅट बर्निंग झोन’ असं ॲपवर लिहिलेलं असतं, त्याच्या नादी लागू नकोस. हळू चालताना जळतं त्यातला चरबीचा वाटा मोठा असतो हे खरं, पण जळतंच एकूण कमी. पोट चालण्याच्या मिनिटांनी कमी होतं, आणि रात्रीच्या दुसऱ्या वाढपाने वाढतं.

मिनिटं किती? जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रम सांगितले आहेत. दीडशे म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. लांब पल्ल्याचे अव्वल धावपटूसुद्धा सरावातला साधारण चार-पंचमांश वेळ सोप्या गतीनेच घालवतात. तुला तर कुठे पदक आणायचं आहे? दोन महिने 116 ते 137मध्येच राहा. मग आठवड्यातून एक दिवस वर जा. तेव्हा तुला दिसेल की त्याच पायऱ्या, तोच वेळ, आणि आकडा मात्र पूर्वीपेक्षा खाली. ॲपमधला हा एकच आलेख मला खरोखर आवडतो.

आणखी एक नोंद ठेव. चढ संपला की त्या क्षणीचा आकडा, आणि हळू चालत राहून बरोबर एका मिनिटानंतरचा. 1999 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या डॉक्टरांनी ट्रेडमिलवरच्या पेशंटांचा अभ्यास करून दाखवलं होतं की पहिल्या मिनिटात बारा किंवा त्याहून कमी ठोके उतरणं ही चांगली खूण नाही. तुझे वीस-पंचवीस उतरत असतील तर छान. एखाद्या दिवशी कमी उतरले म्हणून मला रात्री फोन करायचा नाही. महिनाभर कमीच उतरत असतील तर डॉक्टरांना दाखव.

आता जे सांगते ते ॲपमध्ये कुठेच भरता येत नाही. छातीत दाब, जबडा किंवा डावा हात दुखणं, गार घाम, नेहमीच्या चढाला नेहमीपेक्षा जास्त धाप. यातलं काहीही झालं की आकडा 110 असो की 170, थांबायचं. नाडी हिरव्या पट्ट्यात आहे म्हणून रक्तवाहिनी मोकळी आहे असं होत नाही. आणि ‘गॅस झाला असेल’ हे वाक्य आपल्या घरात बंद. तुझ्या बाबांनी, माझ्या दादाने, छप्पन्नाव्या वर्षी तीन दिवस अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चघळल्या, ओवा खाल्ला, सोडा प्यायला. मी फोनवर ओरडले तेव्हा कुठे दवाखान्यात गेला. वाचला, म्हणून आज तुझ्या पट्ट्याला ‘कुत्र्याचा पट्टा’ म्हणायला शिल्लक आहे. ते रक्त तुझ्यातही आहे, हे डॉक्टरांना सांगितलंस ना? नसेल तर सांग. एकटा टेकडीवर जात असशील तर घरी सांगून जा, आणि 108 हा ॲम्ब्युलन्सचा नंबर पाठ असू दे. ऐन वेळी फोनमध्ये नावं शोधत बसायचं नाही.

येत्या रविवारी सिंहगड नको. पावणेसहाला पर्वतीच्या पायथ्याशी ये. पायऱ्या रुंद आहेत, बेताच्या उंचीच्या आहेत, मध्ये मध्ये टेकायला जागा आहे, आणि शंभरावर थोड्या, म्हणजे चुकलं तर पुन्हा खाली येऊन चढता येतं. तीन फेऱ्या करू. पहिली ॲपकडे न बघता, भीमरूपी म्हणत. वर पोहोचलास की मी माझ्या जुन्या घड्याळाने तुझी नाडी मोजीन, तू तुझा आकडा लपवून ठेव, मग ताडून बघू. पट्टा घरूनच ओला करून बांधून ये. पायथ्याच्या नळाला त्या वेळी पाणी असतंच असं नाही.